कायदा बदलला की परवान्याचं काय होतं? वायरिंग, फायर, लिफ्टच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

"नवीन नियम आलाय, जुनी सगळी लायसन्स रद्द." इलेक्ट्रिकल ठेकेदारांच्या ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून फिरतोच. सोबत एखाद्या राजपत्राच्या पानाचा अर्धवट फोटो असतो. तारीख कापलेली, शीर्षक पुसट. मग दोन दिवस फोनाफोनी चालते. कोणी एजंटकडे धावतो, कोणी हातातलं काम थांबवतो, कोणी "काही होत नाही" म्हणून सोडून देतो. नुकतंच लायसन्स काढलेली किंवा काढायच्या तयारीत असलेली मुलं यात सगळ्यात जास्त भरडली जातात, कारण खरं काय ते सांगणारं त्यांच्या ओळखीत कोणी नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी महाराष्ट्रापुरतंच लिहितो आहे, आणि वीजकामाचं जरा जास्त, कारण ते मला आतून माहीत आहे.

आधी बघा, तुमचं काम कोणाच्या हातात आहे

इमारतीत राबणारे सगळे ठेकेदार कायद्यासमोर सारखे नाहीत. रंगकाम, फरशी, पीओपी, फॉल्स सीलिंग, वॉटरप्रूफिंग, सुतारकाम यांना खासगी कामासाठी वेगळा धंद्याचा परवाना लागत नाही. सरकारी काम घ्यायचं असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे वर्गवारीप्रमाणे नोंदणी करावी लागते, तो भाग वेगळा. नळजोडाच्या कामाला अनेक महापालिका आपापले परवानाधारक प्लंबर ठेवतात. वीज, आगप्रतिबंध आणि लिफ्ट ही तीन कामं मात्र परवान्याशिवाय हातात घेताच येत नाहीत.

यातली वीज समजायला सगळ्यात अवघड, कारण तिथे तीन दारं आहेत. सुरक्षेचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरण करतं. ठेकेदाराचं लायसन्स, सुपरवायझरचं प्रमाणपत्र आणि वायरमनचा परवाना राज्य सरकार देतं. आणि तुमचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा सहीचा कागद, घेऊन मीटर बसवायचं की नाही, हे वीज कंपनी ठरवते, म्हणजे बहुतेक ठिकाणी महावितरण. त्यामुळे "नियम बदलला" असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारा, कोणाचा नियम? केंद्राने सुरक्षेचा नियम बदलला तर काम करण्याची पद्धत बदलते. राज्याने बदलला तर कागद मिळण्याची किंवा नूतनीकरणाची पद्धत बदलते. वीज कंपनीने परिपत्रक काढलं तर फाइल भरण्याची पद्धत बदलते. लायसन्स धोक्यात येण्याचा प्रश्न फक्त मधल्या दारात असतो, आणि तिथेही क्वचित.

फायरचं सरळ आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा राज्याचा कायदा आहे आणि त्याखाली परवानाधारक एजन्सीचं लायसन्स अग्निशमन सेवेचे संचालक देतात. लिफ्टला पूर्वी १९३९ चा मुंबई लिफ्ट कायदा होता. त्याच्या जागी राज्याने २०१७ चा कायदा केला आणि त्यात सरकते जिने व मूव्हिंग वॉक, म्हणजे चालायचे सरकते पट्टेही आणले. सरकत्या जिन्यांची देखभाल करणाऱ्यांना तोवर जुन्या लिफ्ट कायद्याशी देणंघेणं नव्हतं. कायदा बदलला की कधी कधी असं होतं. तुमचं काम तेच राहतं, पण कुंपण सरकतं आणि तुम्ही आत येता.

वीजकामाचं लायसन्स: कोणाच्या नावावर काय असतं

एक नियम पाठ करून ठेवा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. ग्राहकाच्या जागेतलं विजेचं काम, मग ते नवीन असो, वाढीव असो की दुरुस्तीचं, राज्य सरकारचं लायसन्स असलेल्या ठेकेदारानेच करायचं. ते सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हायला हवं आणि हात लावणाऱ्याकडे परवाना हवा. २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलणं यातून वगळलं आहे, तेही जोडणीची क्षमता आणि स्वरूप बदलत नसेल तरच.

म्हणजे कागद तीन आणि माणसंही तीन प्रकारची. छोट्या धंद्यात एकच माणूस सुपरवायझर आणि मालक असतो, ते चालतं. आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड झालेल्याला वायरमन परवान्याची वाट सोपी आहे. डिप्लोमा किंवा डिग्री असलेल्याने अनुभवाच्या दाखल्यासह सुपरवायझर प्रमाणपत्राकडे जावं. ठेकेदाराच्या लायसन्ससाठी तुमच्याकडे नेमलेला सुपरवायझर, परवानाधारक वायरमन आणि मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासणारा), अर्थ टेस्टर (अर्थिंग तपासणारा), टाँग टेस्टर (तारेभोवती धरून प्रवाह मोजणारा) अशी तपासणीची उपकरणं आहेत हे दाखवावं लागतं. उपकरणं उसनी आणून दाखवू नका. त्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, तुमच्याच नावाने असलं पाहिजे, आणि रोजच्या कामाला ती लागणारच आहेत.

नव्या ठेकेदारांचं लायसन्स नेमकं कुठे अडकतं? कायदा बदलल्यामुळे फार कमी जणांचं अडकतं. बहुतेकांचं अडकतं ते सुपरवायझर सोडून गेल्यामुळे आणि ते लायसन्स देणाऱ्या राज्याच्या मंडळाला न कळवल्यामुळे. सुपरवायझर दुसरीकडे रुजू झाला की त्याचं नाव तिकडे चढतं आणि तुमच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रश्न उभा राहतो. त्याचा राजीनामा हातात आला त्याच आठवड्यात लेखी कळवा आणि पोचपावती फाइलला लावा.

बदलाची बातमी आली की काय वाचायचं

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून सावकाश जातो.

आधी कागदाचा प्रकार ओळखा. विधेयक म्हणजे अजून कायदा नाही. अधिनियम म्हणजे कायदा झाला. नियम आणि विनियम त्या कायद्याखाली निघतात आणि रोजचं काम त्यांच्यावर चालतं. अधिसूचना राजपत्रात येते. शासन निर्णय, म्हणजे जीआर, हा सरकारचा आपल्या खात्यांना दिलेला निर्णय असतो. परिपत्रक त्याहून खालचं, बहुतेक वेळा आधीच असलेल्या गोष्टीचं स्पष्टीकरण. ग्रुपवर फिरणारा कागद पुष्कळदा 'मसुदा' असतो. वरच्या दोन ओळींतच लिहिलेलं असतं की हरकती व सूचना अमुक मुदतीत पाठवाव्यात. तो वाचून कोणी तुमच्याकडे 'नवीन लायसन्स'चे पैसे मागत असेल, तर त्याला सरळ नाही म्हणा.

मग तारीख. कायदा मंजूर झाल्याची तारीख एक आणि लागू झाल्याची दुसरी. फायरच्या कायद्याच्या नावातच २००६ आहे, पण तो लागू झाला ६ डिसेंबर २००८ ला. केंद्राच्या चार कामगार संहितांचं उदाहरण याहून मोठं आहे. वेतन संहिता २०१९ ची, बाकीच्या तीन २०२० च्या, आणि चारही लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ ला. मधली पाच-सहा वर्षं "संहिता आली" म्हणून सल्ला विकणाऱ्यांची कमी नव्हती. तेव्हा कायद्याच्या पहिल्या कलमात 'शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिनांकास अंमलात येईल' असं असेल, तर ती अधिसूचना निघाली का, एवढंच शोधा. निघाली नसेल तर जुनंच चालू आहे.

आणि मग थेट शेवटच्या पानावर जा. जवळजवळ प्रत्येक नव्या कायद्याच्या शेवटी 'निरसन व व्यावृत्ती' असं कलम असतं. जुना कायदा रद्द केला, पण त्याखाली दिलेली लायसन्स, आदेश, नोंदणी यांचं काय, ते तिथे असतं. साधारणपणे जुन्या कायद्याखाली दिलेलं लायसन्स, नव्या कायद्याशी विसंगत नसेल तर, त्याखालीच दिलं आहे असं मानलं जातं आणि ते आपल्या मुदतीपर्यंत जगतं. कधी ठराविक महिन्यांत नव्या नमुन्यात अर्ज करायला सांगतात. "जुनी सगळी रद्द" हे खरं की खोटं याचं उत्तर या एका कलमात असतं, आणि मेसेज पाठवणाऱ्याने नेमकं तेच पान जोडलेलं नसतं.

वीजकामात हे घडून गेलेलं आहे. भारतीय विद्युत नियम १९५६ मधल्या नियम ४५ मध्ये वर सांगितलेली ठेकेदार, सुपरवायझर, वायरमनची अट होती. २०१० मध्ये प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले आणि तीच अट विनियम २९ मध्ये गेली. २०२३ मध्ये ते विनियमही बदलून नवे आले. एवढ्या बदलांत लायसन्सचा गाभा तसाच राहिला. बदलले ते कलमांचे आकडे आणि सुरक्षेच्या अपेक्षा. तरीही आज छापील टेस्ट रिपोर्टवर "नियम १९५६ नुसार" असं लिहून देणारे ठेकेदार आहेत. रद्द झालेल्या नियमाचा दाखला देऊन केलेली सही म्हणजे नवे नियम न वाचल्याची लेखी कबुली. आपला छापील नमुना आजच काढून बघा.

सगळ्यात शेवटी वहीत तीन गोष्टी लिहा: या बदलानंतर सही कोण करणार, जबाबदार कोण, आणि कधीपासून. एवढ्याने निम्मी धावपळ वाचते.

कामगारांच्या संख्येवर चालणारे कायदे

लायसन्स म्हटलं की आपण धंद्याच्या लायसन्सचाच विचार करतो आणि कामगारांच्या बाजूचं राहून जातं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात २० किंवा जास्त कामगार असले की ठेकेदाराला कामगार खात्याचं लायसन्स लागायचं. महाराष्ट्राने ती मर्यादा ५० वर नेली. आता त्या चार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आकडा ५० चाच आहे. छोट्या वायरिंगवाल्या किंवा फायरवाल्यासाठी हा मोठा दिलासा आहे, कारण त्याच्याकडे गर्दीच्या दिवसांतही एवढी माणसं नसतात.

पण म्हणून हजेरीपत्रक सोडू नका. लायसन्स लागत नाही, याचा अर्थ किमान वेतन, अपघाताची भरपाई लागत नाही असा नाही. तुम्ही मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने, म्हणजे बिल्डरने किंवा कंपनीने, द्यायची असते. म्हणूनच मोठा बिल्डर तुमचं बिल काढताना पगारपत्रक मागतो. तो तुमच्यावर संशय घेत नसतो, आपली मान सोडवत असतो.

बांधकाम कामगारांच्या नोंदणीचंही इथेच सांगतो, कारण हे काम तुमच्या हातात आहे आणि फार थोडे ठेकेदार ते मनापासून करतात. १८ ते ६० वयाच्या ज्या कामगाराने मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलं आहे, त्याची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद होऊ शकते. वायरमनचा हेल्पर, पाइप फिटर, भिंतीत खाचा मारणारा, सगळे यात बसतात. त्या ९० दिवसांचा दाखला ठेकेदार देऊ शकतो. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर याच मंडळासाठी घेतला जातो. पैसे तिकडे जमा होत असताना आपल्या साइटवरच्या पोरांची नोंद नसावी, हे मला बरं वाटत नाही. दाखला खरा द्या, आणि मागायची वाट न बघता द्या. न राबलेल्याला ९० दिवसांचा दाखला देऊन पैसे घेणारेही आहेत. त्यांच्यामुळे खऱ्या कामगाराचा अर्ज पडताळणीत अडकून पडतो.

जीएसटीचं थोडक्यात: साहित्यासकट घेतलेलं वायरिंगचं किंवा फायर लाइनचं काम 'वर्क्स कॉन्ट्रॅक्ट' मानलं जातं, म्हणजे सेवा. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. त्याआधीही पुष्कळ बिल्डर नोंदणी असलेल्यालाच काम देतात, तेव्हा हिशोब करूनच ठरवा.

फायरवाल्यांसाठी दोन महिने

जानेवारी आणि जुलै. इमारतीतली आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत आहे असा फॉर्म बी वर्षातून दोनदा, या दोन महिन्यांत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन देणं मालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी आहे. यंत्रणा नव्याने बसवल्यावरचा दाखला फॉर्म ए वर असतो. नवीन एजन्सीला हे ठरलेलं उत्पन्न वाटतं आणि ते तसं आहेही. पण डिसेंबरच्या शेवटी शंभर सोसायट्या घेतल्या तर पंप चालवून, हायड्रंटचा दाब बघून, होज रील उलगडून बघायला माणसं आणि दिवस कुठून आणणार? जेवढ्या इमारतींचे पंप तुमची माणसं स्वतः सुरू करून बघू शकतात, तेवढीच कामं घ्या.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले आणि ऑडिटची कामं एकदम वाढली. अशा वेळी नियम कडक होतात, मुदत थोडी असते, आणि बाजारात न तपासता दिलेला कागद स्वस्त होतो. नवीन माणसाने अशा गर्दीत जपून राहावं.

सही उसनी देऊ नका, घेऊ नका

हा धंद्यातला उघडा रोग आहे. स्वतःचं लायसन्स नसलेला माणूस काम करतो आणि लायसन्सवाल्याकडून काहीशे रुपयांत टेस्ट रिपोर्टवर सही-शिक्का आणतो. जागा न बघता, मेगर न लावता. नवीन मुलाला दोन्ही बाजूंनी मोह होतो. लायसन्स नसताना सही विकत घ्यावीशी वाटते आणि लायसन्स आल्यावर विकावीशी.

खऱ्या टेस्टला वेळ तरी किती लागतो? मेन बंद करायचा. दिवे, पंखे, उपकरणं काढायची, स्विच चालू ठेवायचे. जिवंत तार आणि अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा मेगर लावून एक मिनिट धरायचा. किमान १ मेगओहम यायला हवा. नव्या, कोरड्या घरात काटा सहज वर जातो. पावसाळ्यात, भिंतीचं प्लास्टर ओलं असताना लावला की एखादं सर्किट खाली बसतं. अशाच एका टॉयलेटच्या गीझर पॉइंटला आम्हाला ०.३ मिळाला होता. बॉक्स उघडला तर पाइपातून आलेलं पाणी साचलेलं आणि तारेला खिळ्याचा ओरखडा. प्लास्टरवाल्याने ठोकलेला खिळा. तिथे न जाता कागदावर '१०० मेगओहम' लिहिणं अगदी सोपं होतं, आणि त्या घरात पहिली आंघोळ करणाऱ्याला ते कळलंही नसतं. मेगरनंतर अर्थिंगचा रेझिस्टन्स, मग आरसीसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण. दोन बेडरूमच्या फ्लॅटला हे सगळं सकाळच्या चहाआधी उरकतं.

आणि कायद्यातला एक बदल असा आहे की तो लायसन्सच्या बातम्यांमध्ये आलाच नाही, पण लागतो तो सही करणाऱ्यालाच. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली शिक्षा होती २ वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे आणि त्यात ती ५ वर्षांपर्यंत आहे. शॉक लागून माणूस गेला की पोलीस पहिल्यांदा टेस्ट रिपोर्ट मागतात, आणि त्यावर नाव तुमचं असतं. लायसन्स येईपर्यंत थांबायचं नसेल तर परवानाधारक ठेकेदाराकडे रीतसर कामाला लागा, त्याच्या देखरेखीत काम करा आणि अनुभवाचा दाखला मिळवा. पुढे सुपरवायझरच्या अर्जाला तोच लागणार आहे.

नवीन योजना, नवीन यादी

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती सोलरला ७८,००० रुपयांचं अनुदान. अनेक वायरिंगवाले सोलरकडे वळले, आणि चांगलं झालं. पण इलेक्ट्रिकल लायसन्स आहे म्हणून सोलरचं अनुदानित काम आपोआप घेता येत नाही. त्यासाठी विक्रेता म्हणून वेगळी नोंदणी लागते. उलट, विक्रेत्याच्या यादीत नाव आहे म्हणून घरातलं वायरिंग करायचा अधिकार मिळत नाही. दोन्ही कागद हवेत, किंवा जो नाही तो असलेल्या माणसाशी लेखी करार हवा.

कोटेशनमध्ये घालायची एक ओळ, आणि हरकत

इमारतीचं काम दोन-तीन वर्षं चालतं. मध्येच नियम बदलला, जास्तीचे आरसीसीबी किंवा स्प्रिंकलर लागले, तर खर्च कोणाचा? कोटेशनमध्ये तसं काही नसेल तर तुमचाच. म्हणून लिहा: 'कोटेशनच्या दिनांकानंतर लागू झालेल्या कायदा, नियम किंवा वीज कंपनीच्या अटींमुळे वाढणारे काम व साहित्य वेगळ्या दराने आकारले जाईल.' बिल्डर ही ओळ खोडायला लावेल. मग त्याच्याशी निदान कमाल मर्यादा तरी ठरवून घ्या.

आणि मसुदा हातात आला की हरकत पाठवा. मोठ्या कंपन्या आणि त्यांच्या संघटना प्रत्येक मसुद्यावर लिहितात, म्हणून नियम त्यांच्या सोयीचे होतात. दोन वायरमन घेऊन काम करणाऱ्याचं म्हणणं तिथे पोचतच नाही. हरकत एका पानाची असावी. वर मसुद्याचा क्रमांक आणि दिनांक, मग कलम, मग त्या कलमामुळे तुमच्या कामात नेमकं काय अडतं, आणि त्याजागी कुठले शब्द हवेत. 'अन्याय होतो' एवढंच लिहू नका. 'पूर्णवेळ दोन सुपरवायझरच्या अटीमुळे एकटा मालक-सुपरवायझर असलेले ठेकेदार बाहेर पडतील, म्हणून ठराविक रकमेपर्यंतच्या कामाला एक पुरे करावा' असं लिहा. मुदतीच्या आत स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्ही पाठवा, आणि तालुक्यातल्या आणखी चार ठेकेदारांना आपापल्या लेटरहेडवर, आपापल्या शब्दांत लिहायला लावा.